दुसऱ्याच्या वाकळेवरचे आमचे टाके

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात. आम्ही राहतो कोडोलीत, पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या अंगाला. आमच्या घरात दुसऱ्यांच्या वाकळा पुऱ्या करून देण्याचे काम चालते. कोणी जुनेराचे गाठोडे आणून टाकते. कोणी वरचा थर ठिगळे जोडून तयार करून आणते आणि आत भर घालून शिवायचे तेवढे आमच्यावर सोपवते. कोणी अर्धीच शिवलेली आणते, कारण शिवणारीचे डोळे गेले किंवा शिवणारीच गेली. या सगळ्यात कापड दुसऱ्याचे, वाकळ दुसऱ्याची, पांघरणारे अंगही दुसऱ्याचे. आमचे त्यात फक्त टाके. या टाक्यांची मजुरी किती आणि ती कशात घ्यायची, हा आजच्या सदराचा विषय आहे.

विषय बारका वाटेल. पण आपल्या वस्तीत घरटी नाही तरी चार घरांआड एक बाई असे काहीतरी घरात बसून करीत असते. कोणी पापड लाटते, कोणी फॉल-पिको करते, कोणी वाती वळते. शेताला गेलेली बाई संध्याकाळी हजेरी सांगते. उंबऱ्याच्या आत बसून शिवणारीची हजेरी कोण मांडणार? तिचा नवरादेखील पाहुण्यांना सांगतो, "ती काय, घरीच असते."

आधी काम काय असते ते सांगू, कारण ज्यांनी वाकळ फक्त पांघरली त्यांना ते ठाऊक नसते. गाठोडे सोडले की पहिले काम निवडण्याचे. सुती लुगडी एका बाजूला, टेरिकॉट आणि सिंथेटिक दुसऱ्या बाजूला. फॉल उसवायचा, हुक-बटणे तोडायची, जरीचा काठ वेगळा काढायचा, कारण जरीवर सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या गालाला ती टोचते. मग जमीन झाडून पुसून खालचे अस्तर अंथरायचे. ते शक्यतो एकाच लुगड्याचे असावे. त्यावर तीन-चार थर भर, आणि सर्वांत वर चांगल्यातले चांगले कापड. चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि मधून कडेकडे तळहाताने सुरकुती काढत जायचे. त्यानंतर हातभर अंतरावर कच्चा दोरा घालायचा. ज्या बायका घाईने हा कच्चा दोरा चुकवतात त्यांच्या वाकळेला मध्यभागी फुगा येतो. काठाकडून आत शिवत आले की सगळे ढिले कापड सरकत सरकत मधे गोळा होते, आणि तो फुगा मग काही केल्या बसत नाही. उसवणे हाच उपाय.

हे सगळे झाल्यावर खरा धावदोरा सुरू होतो.

आता हिशेब करू. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी साधी वाकळ धरा. म्हणजे ८४ इंच आणि ६० इंच. एकेक इंचावर ओळ घातली तर ६० ओळी, प्रत्येक ८४ इंचांची. एकूण शिवण झाली ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. इंचाला तीन टाके धरले तर पंधरा हजारांवर टाके होतात. चार-पाच थरांतून सुई काढायची तर आमच्या हाताला मिनिटाला बारा टाके होतात, तेही सुईत दोरा ओवायचा वेळ सोडून. म्हणजे नुसते शिवणे २१ तासांचे. निवडणे, अंथरणे, कच्चा दोरा, काठ दुमडणे याचे आणखी पाच तास धरा. आठ तासांचा दिवस मानला तर सव्वातीन दिवसांची मजुरी झाली. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता, बाईला आणि पुरुषाला सारखाच. त्या दराने वाकळेचे हजार-एक रुपये होतात. आणि हा दर खड्डे खणण्याचा, माती टाकण्याचा आहे. यात शिवणकामाची कसब अजून धरलेलीच नाही.

हा आकडा उच्चारला की समोरची काय म्हणते ते आम्हांला पाठ आहे. "आक्का, एवढं पैसं? कापड तर आमचंच हाय. तुमी नुसतं टाकं तर घालायचं हैत!" दुसरे ठरलेले वाक्य असे की तेवढ्या पैशात बाजारात नवे ब्लँकेट येते. येते, हे खरे आहे. पानिपतची ब्लँकेटे गिरणीत निघतात, सोलापुरी चादर मागावर निघते, आणि यंत्राचा माल हातापेक्षा स्वस्त असणारच. पण ज्या बाईला ब्लँकेट हवे असते ती ब्लँकेट घेऊन मोकळी होते. आमच्या दारात गाठोडे घेऊन येणारीला तिच्या सासूचे इरकल पायाशी हवे असते, लेकाच्या अंगड्याचा तुकडा उशाशी हवा असतो. बाजारात न मिळणारी वस्तू मागायची आणि दर बाजारातल्या ब्लँकेटचा सांगायचा, हे बरोबर नाही.

अमेरिकेत हेच काम बायका घरात बसून करतात. तिथे त्यांच्याकडे लांब हाताचे मोठे शिलाई यंत्र असते. रजईचे थर लोखंडी चौकटीवर ताणून बसवायचे आणि यंत्राचे डोके रुळांवरून त्यावर फिरवायचे. गिऱ्हाईक वरचा ठिगळांचा थर स्वतः जोडून आणते आणि पुढचे पुरे करून घेते, अगदी आमच्यासारखेच. फरक एवढाच की तिथे दर चौरस इंचावर ठरलेला असतो. साधी नक्षी असेल तर एक दर, दाट नक्षी असेल तर त्याहून जास्त. "कापड तर आमचंच आहे" असे म्हणून तिथे कोणी घासाघीस करीत नसावे, निदान आम्ही तसे समजून स्वतःला धीर देतो! आपल्याकडचेही उदाहरण आहे. लिज्जत पापडाचे काम १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केले. तिथली बाई पापड घरीच लाटते, पण किलोला किती मिळणार हे तिला आधीच ठाऊक असते. घरात बसून केलेल्या कामाला दर असू शकतो, एवढे तरी त्यावरून दिसते.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. त्या शहराच्या दर्यापूर भागात मुसलमान बायका गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवीत. चिंधी व्यापाऱ्याची, खोळ व्यापाऱ्याची आणि दरही व्यापारी सांगेल तो. त्या बायका एकत्र आल्या, दर वाढवून मागितला, आणि पुढे त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. आमची अडचण निराळी आहे. आमच्यापुढे व्यापारी नाही, शेजारीण आहे. तिच्याविरुद्ध मोर्चा कसा काढणार? तिच्याकडून आपण ताक आणतो, तिच्या लेकीच्या बाळंतपणात आपण रात्र जागवलेली असते. म्हणूनच दर गाठोडे उघडण्याआधी सांगावा, वाकळ घडी करून हातात देताना नव्हे. आधी सांगितलेला दर शेजारधर्म मोडत नाही. नंतर सांगितलेला हमखास मोडतो.

आणि शेजारीण खरोखरच गरीब असली तर? ऊसतोडीच्या टोळीतली बाई असते, एकटी बाई असते, तिच्याकडे हजार रुपये कुठून येणार? अशा वेळी आम्ही मजुरी कमी करीत नाही, टाके कमी करतो. एक इंचाऐवजी दोन इंचांवर ओळ घातली की ६० च्या ३० ओळी होतात, टाके निम्मे होतात, दामही बराच खाली येतो. वाकळ जरा मऊ राहते, चार पावसाळे कमी टिकेल, पण ऊब तीच. तिला दया घेतल्यासारखे वाटत नाही आणि आपल्याला लुटले गेल्यासारखे वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, मजुरी कशात घ्यायची. इथे आम्ही थोडे परखड लिहिणार आहोत.

वाकळ शिवून झाली की गाठोड्यात दोन-चार लुगडी, एखादा सदरा उरतोच. बऱ्याच घरांतून म्हटले जाते, "उरलेलं राहू द्या तुमालाच, आनि वर हे शंभर घ्या." बोलणारीच्या मनात वाईट नसतेही. पण हे उरलेले कपडे मजुरीत धरले जातात, हे ओळखले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावकीची कामे महाराने करायची आणि त्याबदल्यात शिळी भाकर, मेलेले जनावर आणि प्रेतावरचे वस्त्र घ्यायचे, याला हक्क असे नाव होते! ज्याला कोणी हात लावणार नाही ते देऊन काम करून घ्यायची ती रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला आपल्या बायकांना वेगळे बसवून लुगडे कसे नेसावे, स्वच्छ कसे राहावे हे सांगितले. लुगड्यावरून जात ओळखू येऊ नये, हा त्यातला मुद्दा होता. आमच्याच कोल्हापूर संस्थानात माणगावची परिषद त्याआधी सात वर्षे, १९२० च्या मार्चात झाली होती. एवढे सगळे होऊन गेल्यावर आपल्या घामाची किंमत कोणाच्या तरी उरलेल्या सदऱ्यात मोजून घ्यायची का?

आम्ही घेत नाही. उरलेले कापड मोजून, घडी करून, वाकळेबरोबर परत देतो आणि मजुरी रोख घेतो. कोणाला राग येतो, कोणी तोंड वाकडे करते. आमच्याच घरातल्या थोरल्या बाई म्हणत, "देतात ते घ्यावं, आपल्याच वाकळंला हुईल." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, थंडीच्या दिवसांत घरात पोरे कुडकुडत असताना लुगडे परत करणे सोपे नसते. तेव्हा लुगडे हवेच असेल तर त्याची वेगळी किंमत ठरवून विकत घ्यावे. मजुरीत ते मिसळू देऊ नये.

यावरून कोणी असे समजू नये की जुने कापड आम्हांला हीन वाटते. जुन्या कापडाची लाज बाळगण्याचे आपल्याला तर काहीच कारण नाही. भिक्खूंचे चीवर टाकलेल्या चिंध्यांचे असे, आणि ते तुकडे मगधातल्या भातखाचरांसारखे बांध घालून जोडावेत असे तथागतांनी आनंदाला सुचवले, ही हकीकत विनयपिटकात आहे. तिथेच आनंद आणि उदयन राजाची गोष्ट आहे. राणीवशाने आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली, तेव्हा राजाने विचारले की एवढ्यांचे करणार काय. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि तीही विरली की तुकडे करून चिखलात मळून जमीन लिंपू. आमच्या भागातल्या कोणत्याही म्हातारीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. लुगड्याची वाकळ, वाकळेचे दुपटे, दुपट्याचे पायपुसणे आणि शेवटी सारवणाचे पोतेरे, हेच तर तिने जन्मभर केले. मात्र आनंदाला ती वस्त्रे दान म्हणून मिळाली होती, केलेल्या कामाची मजुरी म्हणून नव्हे. फरक तिथे आहे.

अर्धवट राहिलेल्या वाकळांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामातले सर्वांत अवघड तेच. आईने निम्मी शिवलेली वाकळ लेक घेऊन येते. कधी सुई तशीच कापडात टोचलेली असते, गंजून तिचा तांबडा डाग पडलेला असतो. लेकीची एकच अट असते, आईचे टाके उसवू नका. नव्या शिवणारीला आधीचे वाकडे टाके दिसले की ते उसवून सारखे करावे असा मोह होतो. तो टाळावा. आधी दोरा पाहावा, एकपदरी आहे की दोनपदरी. मग टाक्याची लांबी पाहावी, आणि बाईचा हात घट्ट होता की सैल ते कापड हाताने चाचपून ओळखावे. घट्ट हाताच्या शेजारी सैल हात चालवला की पहिल्याच धुण्यात जोडावर चुण्या पडतात. शिवता शिवता त्या बाईचे पुष्कळ कळते. टाके कुठून लांब होत गेले यावरून डोळे कधीपासून अधू झाले ते समजते, एका बाजूला ओळ कलते यावरून ती कोणत्या कुशीवर टेकून शिवत होती ते समजते. आमचा टाका तिच्या टाक्याइतका लांब ठेवायचा, पण तिच्यासारखा वाकडा घालायचा नाही. तो तिचा होता. शेवटची वीतभर ओळ आम्ही लेकीकडूनच घालून घेतो, येत नसले तरी. अशा वाकळेला वेळ दीडपट लागतो आणि आम्ही दामही दीडपट सांगतो. या एका कामावर आजवर कोणी घासाघीस केलेली नाही.

जुन्या कपड्यांत माणूस शोधण्याची ही ओढ आपल्यापुरती नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे गाव आहे. तिथले लोक काळे, कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. मिसूरी पेटवे या तिथल्या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली, गुडघ्यावर झिजलेल्या विजारींसकट. त्याच भागातल्या बायकांनी १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत, 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि आपल्या रजया शहरात विकल्या. पुढे २००२ साली गीज बेंडच्या रजया न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. आपल्या पँथरने १९७२ साली नाव उचलले ते तिथल्या काळ्या पँथरांकडून. वाकळांचे हे नाते मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्याहून जवळचे नाते हवे असेल तर सीमेपलीकडे कारवार जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांकडे पाहावे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या वाकळेला कवंद म्हणतात, तीही काठाकडून आत शिवत जातात, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानीत नाहीत.

कायद्याचे थोडक्यात. असंघटित कामगारांच्या २००८ च्या कायद्यात घरबसल्या काम करणारी कामगार आणि स्वयंरोजगार करणारी कामगार या दोघींच्या व्याख्या आल्या, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या आहेत. व्यापाऱ्याकडून माल आणून शिवणारी पहिल्या व्याख्येत बसते, आमच्यासारखी घरोघरची वाकळ शिवणारी दुसऱ्या. दोघीही कामगारच. ई-श्रम ही नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारासाठी आहे, आधार कार्डावर होते. तिथे धंदा विचारतात तेव्हा शिवणकाम असे सांगावे. जनगणनेचा माणूस दारात आला तरी तेच सांगावे, आणि नवऱ्याने मधेच "घरीच असते" म्हटले तर त्याला थांबवावे.

ज्या भगिनी हे काम नव्याने धरणार असतील त्यांनी एक वही करावी. गाठोडे आले की त्यात कापडे किती, सुती किती, वाकळ किती फुटांची, ओळ एक इंचाची की दोन, दर काय, उचल किती मिळाली हे गिऱ्हाइकासमोर लिहावे. दर चौरस फुटावर सांगितला तर भांडण कमी होते. वर केलेल्या हिशेबातली वाकळ ३५ चौरस फुटांची, म्हणजे चौरस फुटाला २९ रुपये पडतात. कपडे धुऊनच घ्यावेत. निवळ सिंथेटिक साड्यांची वाकळ शिवू नये असे आमचे मत आहे. ती घाम टिपत नाही, थर एकमेकांवर घसरतात, आणि दोष शिवणारीवर येतो. निदान झोपणाऱ्याच्या अंगाकडचा थर सुती असावा, नसेल तर इचलकरंजीचे साधे सुती कापड विकत आणून लावावे आणि त्याचे पैसे वेगळे घ्यावेत. पाठ भरून आली की उठावे, तासाला एकदा तरी. रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालू नये.

हंगामाचेही सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत वारणा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा घराघरातल्या वाकळा गाळात भिजल्या. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही, पावसात वाळत नाही आणि चार दिवसांत कुजते. त्यानंतर नदीकाठच्या घरांतून वाकळा आल्या, उसवून, धुऊन, चांगले थर वेगळे काढून पुन्हा शिवायला. तेव्हापासून आम्ही पातळ थरांच्या दोन वाकळा शिवून घ्या असे सांगतो, एक जाड नको. पातळ वाकळ लवकर वाळते आणि वर माळ्यावर टाकायला हलकी पडते. काम होळीनंतर घ्यावे आणि मृगाच्या आत पुरे करून द्यावे. उन्हाळ्यातले ऊन एकदा दोन्ही बाजूंनी लागले की वाकळ घडी करून द्यायला हरकत नाही. गाठोडी घेऊन येणाऱ्यांनी दिवाळीची वाट पाहू नये, तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात, सगळ्यांना एकदमच पांघरुणे हवी असतात आणि आमचे हात दोनच.